टेबलावरचं बोलणं ऐकू आलं पाहिजे

मोठ्या शहरात मित्रमंडळींनी भेटायचं ठरवलं की पहिला प्रश्न जागेचा येतो. एकजण शहराच्या या टोकाला राहतो, दुसरा त्या टोकाला, आणि तिसऱ्याच्या घरात चौघं बसली की पाचव्याने उभंच राहायचं. शिवाय कुणाच्या घरी जायचं म्हणजे त्या घरातल्या माणसांवर भार. मग सगळ्यांना साधारण सारखं अंतर पडेल असं एखादं हॉटेल ठरतं, टेबल राखून ठेवलं जातं, आणि दोन-अडीच महिने नुसतं ‘भेटूया, भेटूया’ म्हणणारी माणसं एकदाची एका टेबलाभोवती बसतात. मोठ्या शहरात हॉटेल हे नुसतं जेवायचं ठिकाण राहिलेलं नाही. घरांत न मावणारी बैठकीची खोली ते शहराला पुरवतं. अशा भेटीत जेवण जरा कमीजास्त झालं तरी कुणी मनावर घेत नाही. बोलणं मात्र व्हायला हवं, कारण त्यासाठीच तर आलेलो असतो. आणि आजकाल नेमकं तेच होत नाही, कारण ऐकूच येत नाही.

हॉटेलातला आवाज ही ज्याच्या त्याच्या आवडीनिवडीची बाब आहे, असं म्हणून हा विषय सोडून दिला जातो. मला ते मान्य नाही. स्वयंपाकघराची स्वच्छता, आग लागली तर बाहेर पडायची वाट, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण, या गोष्टी आपण मालकाच्या मर्जीवर सोडत नाही. त्यांच्यासाठी नियम असतात. आवाजाची बाब त्याच रांगेत बसली पाहिजे. टेबलावर कोण बसू शकतं आणि कोण नाही, हे आवाजच ठरवतो. तिथे दिवसभर राबणाऱ्यांच्या कानांचं काय होणार, हेही तोच ठरवतो.

सात-आठ जणांचं लांबट टेबल डोळ्यांसमोर आणा. पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र बोलतात. मग हॉटेल भरू लागतं आणि टेबलाचे आपोआप तीन तुकडे होतात. या टोकाचे दोघं, मधले तिघं, त्या टोकाचे तिघं. प्रत्येकजण शेजारच्याशी, फार तर समोरच्याशी बोलतो. मध्ये कुणीतरी हसतं, बाकीचे ‘काय झालं? काय म्हणाला?’ विचारतात, आणि दुसऱ्यांदा सांगितलेल्या विनोदात काही उरलेलं नसतं. वेटर ऑर्डर घ्यायला प्रत्येकाच्या खांद्यावर वाकतो आणि तरीही एखादा पदार्थ चुकीचा येतोच. हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. पण त्या टेबलावर एक माणूस असतो, ज्याचं ऐकणं थोडं कमी झालेलं आहे. तो दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारायला संकोचतो. मग तो चेहऱ्यांकडे बघत बसतो. सगळे हसले की हसतो, सगळ्यांनी मान डोलावली की डोलावतो. दिवे मंद असल्यामुळे ओठांची हालचालही धड दिसत नाही. पुढच्या भेटीला तो कळवतो की तब्येत जरा बरी नाही. त्याच्या पुढच्या वेळी त्याला विचारायचं राहून जातं.

असे लोक थोडे आहेत, असं कुणी म्हणेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक माणसांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येतं. वयाबरोबर ऐकणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात. स्वर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. म्हणून अशा माणसाला ‘मोठ्याने बोलतो’ म्हणून भागत नाही. श्रवणयंत्राने हा प्रश्न सुटेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते वापरणाऱ्या कुणाला तरी विचारून पाहावं. समोरच्याच्या बोलण्याबरोबर यंत्र मागच्या टेबलावरच्या चमच्यांचा खणखणाटही वाढवतं. नवी यंत्रं त्यात बरीच सुधारली आहेत, पण भरल्या हॉटेलात त्यांचीही दमछाक होते. कान शाबूत असलेल्या माणसाचा मेंदूसुद्धा या गलक्यातून एक आवाज वेगळा काढण्यासाठी राबत असतोच. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये या क्षमतेवर प्रयोग केले, तेव्हापासून तिचा अभ्यास चालू आहे. दोन्ही कान, समोरच्याचा चेहरा, बोलण्याचा संदर्भ, सगळं वापरून मेंदू ते जमवतो. दोन तासांच्या अशा जेवणानंतर डोकं जड होतं, त्याचं कारण हेच.

हा आवाज कुठून येतो, हे समजून घेतलं तर तो टाळता येण्यासारखा आहे हे लक्षात येईल. एत्येन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्ये नोंदवलं की कानात गोंगाट सोडला की माणूस आपोआप आवाज चढवून बोलतो आणि गोंगाट थांबला की आवाज पुन्हा खाली येतो. बोलणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही. आता हे पन्नास माणसांच्या खोलीला लावा. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचं चढवतं, त्यामुळे तिसरं चढवतं, आणि तो पहिल्या टेबलावर परत येऊन आदळतो. त्यात गाणी लावलेली असतात. लोकांच्या आवाजात गाणी बुडाली की कुणीतरी जाऊन ती वाढवतं. नऊच्या सुमाराला त्या खोलीत जो कोलाहल असतो तो कुणी एकाने केलेला नसतो. म्हणूनच ‘जरा हळू बोला’ असं सांगून तो कमी होत नाही. लोकांना असंस्कृत ठरवणारे याबाबतीत चुकतात, असं मला वाटतं. तेच लोक दुसऱ्या खोलीत बसवले तर हळू बोलतात.

खोलीचं महत्त्व कळायला १८९५ सालात जावं लागतं. हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि तिथे व्याख्यान ऐकू येत नव्हतं. एक शब्द विरायच्या आत पुढचे कितीतरी शब्द येऊन त्यावर पडत. वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला ‘काहीतरी करा’ म्हणून सांगितलं गेलं. त्याने जवळच्या एका नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री, आजूबाजूला शांतता असताना, तो एक ऑर्गनची नळी वाजवायचा, बंद करायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजायचा. रिकाम्या सभागृहात तो पाच सेकंदांहून अधिक होता. मग थोड्या गाद्या टाकायच्या, पुन्हा मोजायचं. आणखी टाकायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळ व्हायच्या आत गाद्या जागच्या जागी परत ठेवायच्या. या खटाटोपातून एक साधं सूत्र हाती लागलं. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि तिच्यात आवाज शोषणारं जितकं जास्त तितका कमी वेळ. इमारतींच्या ध्वनिशास्त्राचा पाया या गाद्यांवर घातला गेला. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे ज्ञान आपल्याकडे आहे.

तरीही आजची हॉटेलं पाहा. जमीन गुळगुळीत फरशीची किंवा घोटलेल्या सिमेंटची, छत उघडं, एक भिंत काचेची, दुसरी विटांची, टेबलं लाकडाची किंवा दगडाची, खुर्च्यांना गादी नाही, आणि स्वयंपाकघर समोरच उघडं. गालिचे, पडदे, टेबलावरची जाड कापडं, गुबगुबीत खुर्च्या हे सगळं जुनाट म्हणून गेलं. पुसायला सोपं, दिसायला ऐसपैस, आणि फोटोत सुंदर. काँक्रीट त्याच्यावर पडणाऱ्या आवाजापैकी शंभरात दोन भागांच्या आसपास शोषतं, बाकीचा परत फेकतं. काचेचंही जवळपास तसंच. त्याच जागी आवाज शोषणारी चांगली पॅनेल बसवली तर ती शंभरात ऐंशी किंवा त्याहून जास्त भाग गिळतात. जेवायची जागा निवडताना आपण फोटो पाहतो, पदार्थांची यादी पाहतो, लोकांनी दिलेले तारे पाहतो. आवाज फोटोत दिसत नाही. त्यामुळे दिसण्यावर खर्च करणाऱ्या मालकाला गिऱ्हाईक मिळतं, आणि ऐकण्यावर खर्च करणाऱ्याने तो केला आहे हे कुणाला कळतही नाही. बाजाराने हा प्रश्न सोडवलेला नाही त्याचं मूळ इथे आहे.

‘आवडत नसेल तर दुसरीकडे जा’ हे उत्तरही म्हणूनच चालत नाही. ज्याला ऐकू येत नाही तो एकटा जेवायला जात नाही, मंडळींबरोबर जातो. जागा बहुमताने ठरते. सात जणांना चाललं, आठव्याला नाही, तरी मालकाच्या दृष्टीने आठ जणांचं बिल झालं. पुढच्या वेळी आठवा आला नाही, तर सात जणांचं झालं. कोण का आला नाही याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

आवाज मुद्दाम ठेवला जातो का? काही ठिकाणी नक्कीच. संगीताचा गिऱ्हाइकांवर होणारा परिणाम अभ्यासलेला आहे. रॉनल्ड मिलिमन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की संथ संगीत असताना लोक टेबलावर सरासरी ५६ मिनिटं बसले, आणि जलद संगीत असताना ४५ मिनिटं. फ्रान्समधल्या बारमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संगीत ७२ डेसिबलवरून ८८ डेसिबलवर नेलं, तेव्हा पिणाऱ्यांचा पेला लवकर संपला आणि त्यांनी जास्त पेले मागवले. टेबल लवकर रिकामं होणं आणि विक्री वाढणं, दोन्ही धंद्याच्या सोयीचं. पण याच मिलिमन यांच्या अभ्यासात संथ संगीताच्या वेळी बसलेल्यांनी पेयांवर जास्त खर्च केला होता, हे सांगताना सहसा वगळलं जातं. निवांत बसलेलं गिऱ्हाईक म्हणजे तोटा, हे खरं नाही. आणि जो पदार्थ करायला स्वयंपाकघरात एवढा जीव ओतला जातो, त्याची चवही गोंगाटात जशीच्या तशी पोचत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या २०१५ च्या एका प्रयोगात विमानाच्या आतल्या आवाजाइतका, म्हणजे सुमारे ८५ डेसिबलचा आवाज ऐकवला तेव्हा लोकांना गोड चव फिकी लागली. आपल्या हातच्या चवीचा अभिमान असणाऱ्या प्रत्येक आचाऱ्याने या कारणासाठी तरी मालकाशी भांडावं.

आता डेसिबलचा हिशेब. एक मीटर अंतरावरून चाललेलं साधं बोलणं साठाच्या आसपास असतं. ही मोजपट्टी नेहमीसारखी सरळ नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दसपट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. न्यूयॉर्कमधल्या दोन हजारांहून अधिक हॉटेलं आणि बारमध्ये गर्दीच्या वेळी केलेल्या मोजणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हॉटेलांची सरासरी ७७ डेसिबल निघाली आणि बारची ८१. सरासरी ७७ म्हणजे कित्येक त्याहून वर. एवढ्या आवाजात समोरच्याला ऐकू जावं म्हणून जवळजवळ ओरडावं लागतं.

दोन तास ७७ डेसिबलमध्ये बसल्याने जेवणाऱ्याचे कान जात नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याचं बोलणं जातं, कान नाही. पण त्या खोलीत आणखी एक माणूस आहे, जो आपण गेल्यावरही तिथेच असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबलची आहे, आणि दर तीन डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार ८० डेसिबलपासूनच मालकाची जबाबदारी सुरू होते. कारखान्यात अशा वेळी कामगाराच्या कानांवर संरक्षक बसवतात. वेटरला ते कसं बसवणार? त्याचं कामच ऐकण्याचं. ऑर्डर ऐकायची, स्वयंपाकघरातून आलेली हाक ऐकायची, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची. त्याच्यासाठी उपाय एकच उरतो, आवाज मुळात कमी करणं. त्यातही बार सांभाळणाऱ्यांच्या डोक्यावरच पुष्कळदा स्पीकर टांगलेला असतो आणि पाठीशी मिक्सर चालू असतो. मित्रांबरोबर दोन तास मजेत घालवणाऱ्या आपल्यासारख्यांनी या माणसांच्या आठ-दहा तासांचा विचार करायला हवा. त्यांचं ऐकणं कायमचं कमी झालं तर ते परत मिळवून देणारं औषध नाही.

यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. लोकांना गजबज आवडते. रिकाम्या, चिडीचूप हॉटेलात शिरलं की माणूस आवाज खाली करतो, शेजारच्या टेबलाला आपलं सगळं ऐकू जातंय म्हणून मनातलं बोलत नाही. थोडी कुजबुज, भांड्यांचा थोडा आवाज, मागे हलकं संगीत, हे सगळं आडोशाचं काम करतं आणि जेवणाला रंगत आणतं. हे अगदी बरोबर आहे. ग्रंथालयासारखी हॉटेलं कुणीही मागत नाही. पण आडोसा देणारी गजबज आणि बोलणं गिळणारा कोलाहल यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजता येतं.

येन्स होल्गर रिंडेल या डॅनिश ध्वनितज्ज्ञाने त्यासाठी एक कल्पना मांडली आहे, आणि मला ती फार पटते. प्रत्येक हॉटेलात किती खुर्च्या मावतात हे आपल्याला माहीत असतं. त्याच्याबरोबरीने त्या खोलीत किती माणसं एकमेकांशी नीट बोलू शकतील, हा आकडाही काढता येतो. हिशेब सोपा आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्यायचं आणि आवाज घुमण्याच्या काळाच्या वीसपटीने त्याला भागायचं. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली घेऊ. घनफळ ३००. आवाज दीड सेकंद घुमत असेल तर उत्तर येतं १०. अर्धा सेकंद घुमत असेल तर ३०. एवढ्या खोलीत मालक सहज पन्नास माणसं बसवतो. त्यातली दहाच माणसं नीट बोलू शकणार असतील, तर ते गिऱ्हाइकाला आत शिरण्याआधी कळलं पाहिजे. दीड सेकंदावरून अर्ध्या सेकंदावर यायला इमारत पाडावी लागत नाही. वरच्या उदाहरणातलं शंभर चौरस मीटरचं छत आवाज शोषणाऱ्या पॅनेलांनी झाकलं आणि बाकी सगळं सिमेंट-काच तसंच ठेवलं, तरी कागदावरच्या हिशेबात काळ अर्ध्या सेकंदाच्या थोडाच वर येतो. शोषण दुप्पट झालं की आवाज नुसता तीन नव्हे, सहा डेसिबलच्या आसपास उतरतो, असं रिंडेल दाखवतात, कारण खोली शांत झाली की माणसंही आपोआप खालच्या आवाजात बोलू लागतात. लोंबारने पाहिलेली साखळी इथे उलटी चालते.

म्हणून माझी मागणी अशी. हॉटेलाला परवाना देताना शहराच्या प्रशासनाने रिकाम्या खोलीत आवाज घुमण्याचा काळ मोजावा. हे काम तासाभराचंही नाही. त्यावरून निघणारा बोलण्याच्या क्षमतेचा आकडा दारावर, आणि टेबल राखून ठेवण्याच्या ॲपवर, आसनसंख्येच्या शेजारी लिहिणं सक्तीचं करावं. सुरुवातीला मर्यादा घालू नये, फक्त आकडा लिहायला लावावं. फोटोत न दिसणारी गोष्ट एकदा दिसू लागली की निम्मं काम गिऱ्हाईकच करील. वॉशिंग्टन पोस्टच्या खाद्यसमीक्षकाने २००८ पासून परीक्षणात आवाजाची पातळी द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे वाचकाला असा आकडा हवा असतो हे नवं नाही. कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मात्र नुसत्या आकड्यावर थांबून चालणार नाही. कारखान्याला जो नियम तोच हॉटेलाला, आणि मोजणी गर्दीच्या वेळी, बारच्या मागे उभं राहून व्हायला हवी.

लहान मालकावर याचा बोजा पडेल, हे खरं आहे, आणि नियम करणाऱ्यांनी ते ध्यानात घेतलंच पाहिजे. पण पॅनेल न लावताही पुष्कळ काही होतं. खुर्च्यांच्या पायांना नमदा लावला की फरशीवरचं किंचाळणं थांबतं. टेबलांच्या खालच्या बाजूला फोम चिकटवला तर तो कुणाला दिसतही नाही. काचेच्या भिंतीला जाड पडदा लावता येतो. एका मोठ्या स्पीकरऐवजी चार लहान स्पीकर लावले तर कुणाच्याच डोक्यावर आवाज आदळत नाही. आणि सगळी टेबलं भरली की गाणी बंद करायला तर काहीच खर्च नाही, कारण त्या वेळी ती कुणी ऐकतही नसतं.

आपल्यालाही हातपाय हलवायला हवेत. टेबल राखताना कोपऱ्यातलं, भिंतीलगतचं, स्पीकर आणि स्वयंपाकघरापासून दूरचं मागावं. आठ जणांचं लांबट टेबल घेण्यापेक्षा गोल टेबल मिळतंय का ते विचारावं. ज्याला कमी ऐकू येतं त्याला भिंतीकडे पाठ करून मधोमध बसवावं. गाणी कमी करायला सांगण्यात कसलाही अपमान नाही. जेवण गार असेल तर आपण सांगतोच ना? नंतर अभिप्राय लिहिताना चवीबद्दल चार ओळी लिहितो, तशी एक ओळ ऐकू येण्याबद्दलही लिहावी. या सगळ्याने एखादी संध्याकाळ वाचते. खोली मात्र बदलत नाही, ती नियमानेच बदलेल. नव्या हॉटेलांना परवान्याच्या वेळी आणि जुन्यांना पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हा नियम लागू केला, तर कुणालाही चालू धंदा थांबवून भिंती फोडाव्या लागणार नाहीत. हॉटेलांची सजावट काही वर्षांनी तशीही बदलतेच, आणि तेव्हा सजावट करणाऱ्याकडे रंगांच्या पट्ट्यांबरोबर हा एक आकडाही असायला हवा.